न्यायला कुणी आलं नाही

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून भांडी घासायला जायची, इतका कंटाळा! आता विश्वास बसला का, असं विचाराल तर तेही धड सांगता येत नाही. घडलं तसं लिहिते, तुम्हीच काय ते ठरवा.

लढाईची वर्षं होती. आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे मालगाडीवर गार्ड, गेले की कधी परत येतील याचा नेम नाही. अशात आमचा पाच वर्षांचा बंडू तापाने आजारी पडला. डॉक्टरांची औषधं झाली, इंजेक्शनं झाली, ताप काही हटेना. पोरगं नुसतं पडून असायचं, हाक मारली तरी बघायचं नाही. मी पार घाबरून गेले होते. शेवटी शेजारच्या काकूंनी वैद्यबुवांना बोलावून आणलं. त्यांनी नाडी बघितली आणि एका मुळीचं नाव सांगितलं. (ते इथे लिहीत नाही, उगाच कुणी घरी प्रयोग करायला जायचं.) मुळी ताजीच हवी आणि ती त्यांच्या बागेतच मिळेल, म्हणाले.

बाग औंढे गावाच्या वाटेला, नदीकाठी. बाग आपली म्हणायची! वैद्यबुवांच्या वडिलांनी कधी काळी औषधी झाडं लावली आणि पुढे रानाने ती आपल्यात ओढून घेतली. वर हिरडे-बेहडे, त्यांच्यावर चढलेली गुळवेल, खाली माजलेला अडुळसा, पाण्याच्या कडेला वेखंड. लावलेलं कुठलं आणि आपसूक उगवलेलं कुठलं, कळायला मार्ग नाही. राखणीला केरूआबा, एकटाच खोपट बांधून राहायचा.

वैद्यबुवांची एक अट होती. झाड नुसतं ओरबाडून आणायचं नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्या बुंध्याशी कुंकवाच्या अक्षता आणि सुपारी ठेवायची, 'उद्या न्यायला येते' म्हणायचं आणि मागे न बघता निघायचं. सकाळी आमंत्रण देणाऱ्यानेच जाऊन मुळी काढायची. एरवी मी त्यांना चार प्रश्न विचारले असते... पण पोराच्या जिवापुढे कसले प्रश्न? बंडूपाशी काकूंना बसवलं आणि गेले.

केरूआबाने झुडूप दाखवलं आणि तो आपला खोपटाकडे निघून गेला. मी अक्षता ठेवल्या. आता झुडपाशी बोलायचं म्हणजे फजितीच की हो! जिभेवर सवयीचं आलं, हळदीकुंकवाचं बोलावणं करताना म्हणतो तेच — "आमच्याकडे यायचं हं उद्या. वाट बघते." मग लक्षात आलं, म्हणायचं होतं वेगळंच. पण एकदा म्हटलं ते म्हटलं, तशीच घरी आले.

सकाळी बंडू बरळायला लागला. माझा पदर मुठीत घट्ट धरलेला, सोडवला की किंचाळायचा. हे ड्यूटीवर. काकू वैद्यबुवांना आणायला धावल्या. मला उठता येईना, आणि मुळी तर मीच आणायची... कसं करू, काही सुचेना.

दुपार होत आली तेव्हा बंडूची मूठ जरा सैल झाली, आणि दारात कुणीतरी आलं. उंच, सावळी बाई. हात रिकामे, लुगड्याचा काठ ओला, पायांना चिखल. मी कधी पाहिलेली नव्हती.

"आवतान दिलतं न्हवं?" ती म्हणाली. "न्ह्यायला कुनी आलं न्हाई. मग म्हनलं, आपुनच जावं."

आवाजात राग नव्हता, लांबून चालून आलेल्या माणसाचा असतो तसा थकवा होता. मी गोंधळले. तिला ओट्यावर बसा म्हटलं आणि पाणी आणायला आत गेले. तांब्या घेऊन बाहेर येते तो ओटा रिकामा. ती बसली होती तिथे ओल्या मातीची एक मुळी पडली होती. मातीत कुंकवाच्या अक्षता चिकटलेल्या.

विचार करायला वेळच नव्हता. इतक्यात वैद्यबुवा आले, बघून म्हणाले हीच ती, लगेच उगाळ. मी सहाण घेतली आणि उगाळली. संध्याकाळी बंडूला घाम फुटला. त्याने पाणी मागितलं तेव्हा मी ढसाढसा रडले.

बंडू हिंडायला लागल्यावर नारळ घेऊन बागेत गेले. केरूआबा माझ्यावरच उखडला, न सांगता झाड नेलं म्हणून. जागा दाखवली. सुपारी तिथेच होती, झुडूप नव्हतं. मी त्याला त्या बाईचं विचारलं.

"डुकरानं उकरलं म्हनावं तर माती हाललेली न्हाई," तो म्हणाला. "आन् बाई कुटली हितं? मी यकलाच की."

ह्यांचं म्हणणं, मुळ्या विकणारी कुणी बाई असेल. असेलही. पण 'आमच्याकडे यायचं' असं चुकून दिलेल्या आवतणाचं तिला कुणी सांगितलं? मी तर ते घरातही बोलले नव्हते.

बंडूला आता दोन मुलं आहेत. ही गोष्ट निघाली की तो माझी थट्टा करतो, मीही हसते. पण ती थकून आली होती, मी तिला बसा म्हटलं होतं, आणि साधं पाणीही तिला मिळालं नाही. मग त्या दिवशी सहाणेवर मी काय उगाळलं... की कुणाला? मला खरंच माहीत नाही.