दादांनी पट्टी उतरवली

आम्ही दोघंतिघं जमलो की विषय कुठूनही निघो, शेवटी सुधाकरदादांच्या गायन पार्टीवरच येतो. तीस वर्षं एकाच गायकाच्या मागे फिरल्यावर किस्से साठणारच! एकाला हात घातला की दहा बाहेर येतात.

*

खोपोलीतली चौदा एप्रिलची जयंती. दादा तेव्हा काळी पाचच्या उंच पट्टीत गायचे, शेजारी त्यांच्या मिसेस, वत्सलावहिनी, कोरसला. ऐन रंगात लाईट गेली. दादा थांबले नाहीत, आणि मागच्या रांगेलासुद्धा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

आमचा सलीम साउंडवाला कपाळाला हात लावून मला म्हणाला, "मंग मला कशाला बोलावलं रं?"

*

पुढे दादांनी कीबोर्ड आणला, ठेका पळवला. माझं डोकंच फिरलं! पहिली रांग सोडून मी मुद्दाम मागे जाऊन बसलो.

दादांनी माईकवरूनच विचारलं, "भाऊ, आवडत नाय तर पाय कशाला हलवताय?"

*

कीबोर्ड मी पचवला. पण गेल्या तीन-चार वर्षांत दादा एकदम खाली उतरले. काळी पाच जाऊन काळी एक. ओळी तोकड्या, प्रत्येक ओळीनंतर थांबा. कुंभिवलीच्या कार्यक्रमानंतर चहा पिताना मी तोंडावर म्हणालो, "दादा, आवाज गेला तुमचा. आता थांबा."

"वय झालं रं," एवढंच ते म्हणाले. वहिनी शेजारीच होत्या. फार वाईट बोललो मी.

*

महिन्याभराने सलीम दहिवलीत विहाराजवळ माईक लावत होता. वहिनी अजून यायच्या होत्या. दादा एकटेच पेटीवर गात होते, काळी पाचमध्ये! तोच आवाज, तीच तान. सलीमला बघताच गप्प झाले.

"तिला दमा हाय रं. मी वर गेलो की तिला कोरस झेपत नाय. आन् तिच्याबिगर मला गायचं नाय. तिला कळू देऊ नको."

सलीमने हे फक्त मला सांगितलं.

*

परवा कर्जतच्या कार्यक्रमात मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, जरा वर घ्या की!"

दादा मान खाली घालून बसले. वहिनींनी माईक जवळ ओढला. आधी धाप आवरली.

"त्यांना आता वरचा सूर झेपत नाय. मी हाय ना सोबतीला, सांभाळून घेते. तुमी बी घ्या."

"ऐकलं ना?" दादा म्हणाले, आणि काळी एक धरली.