करड्या पट्टीतला पिवळा

सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी भिंगवाले शोरूममधल्या पहिल्या मशीनवर वाकलेले होते. चष्मा कपाळावर, भिंग उजव्या डोळ्याला, डावा घट्ट मिटलेला. बाजारात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. वय एकोणसाठ. बोर्डांच्या धंद्यात सदतीस वर्षं: आधी ब्रश, मग अक्षरं कापायचं मशीन आणि गेली आठ वर्षं सॉल्व्हंट शाईचा मोठा प्रिंटर. ही शाई व्हिनाइलच्या अंगात मुरते, म्हणून बोर्ड उन्हापावसात टिकतो. छापलेल्या ठिपक्यांत काय बिघडलंय ते भिंगवाल्यांना एका नजरेत कळतं, अशी त्यांची ख्याती.

सोबत बायको होती. दुकानात लॅमिनेशन आणि चिकटवणं तिच्याकडे. दहा फुटी शीट ती एकटी बसवते, एक बुडबुडा येऊ देत नाही.

नवं मशीन आजच ठरवायचं होतं. जुनं बदल्यात द्यायचं, त्यासाठी उद्या दुपारचा टेम्पोही सांगून ठेवला होता. जुन्याचा गुन्हा असा की ते रंग पलटतं. दुकानात नमुना पास केला की ठीक असतो, गिऱ्हाइकाच्या भिंतीवर गेला की निळा पडतो. दोन वर्षं हेच चाललं होतं. एका दंतवैद्याने आपल्या फोटोचा बोर्ड परत पाठवला तेव्हा निरोप आला, "यात डॉक्टरच पेशंट वाटतोय." त्या वर्षी नऊ बोर्ड परत आले. भिंगवाल्यांनी मशीनचं शाई फवारणारं हेड बदललं, व्हिनाइलवाल्याशी भांडण केलं, आणि भिंगाखाली नमुना पिवळट दिसे म्हणून सेटिंगमध्ये पिवळी शाई कमी करत करत उणे बारापर्यंत आणली. आता औषध दुकानांच्या एका मालकाचं चाळीस बोर्डांचं काम हातात होतं आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं, पुढचा नमुना निळा आला तर काम दुसरीकडे जाईल.

शोरूममध्ये तीन मशीनं होती. पहिलं दहा फुटी, वेगवान, पण वास डोक्यात जाणारा. दुसरं पाच फुटी, वास कमी, चाल गोगलगायीची. तिसरं मधलं. भिंगवाल्यांनी व्हिनाइलचा रोल घरचा आणला होता आणि फाइलही घरची: बारीक अक्षरं, काळा चौकोन, एक चेहरा आणि तळाला करडी पट्टी, कारण रंग जरा ढळला की आधी करड्यात दिसतो. तीच फाइल तिन्हींवर छापायची, असा त्यांचा हट्ट. प्रत्येक नमुन्याच्या पाठीवर ते स्वतःच्या पेनने आकडा घालत होते.

"मला बघायला आले होते तेव्हा अडीच मिनिटांत हो म्हणाले," बायकोने मशीन दाखवणाऱ्या इंजिनीअर बाईंना सांगितलं. "आणि इथे बघा, अर्धा तास झाला."

"तेव्हा भिंग नव्हतं," भिंगवाले मान वर न करता म्हणाले.

इंजिनीअर बाई हसल्या. भिंगवाल्यांनी पहिल्या नमुन्यावर अंगठा घासला. शाई निघाली नाही. अक्षरं धारदार होती. मग ते पट्टीवर आले.

"पिवळा मारतोय."

दुसरा नमुना आला. "हाही पिवळाच. तुमच्या मशीनांना कावीळ झालीय का, बाई?"

बाईंनी रंग मोजायचं यंत्र पट्टीवर टेकवलं. "काका, आकडे तर बरोबर येताहेत. करडा आहे."

"आकड्यांना डोळे नसतात."

"मलाही करडीच दिसतेय," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय रंगातलं? तू बुडबुडे बघ."

बायकोने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

तिसरं मशीन कोपऱ्यात, भिंतीला लागून होतं. व्हिनाइल बाहेर येतं त्या बाजूला उजवीकडे भिंत, त्यामुळे डोकं घालायला जागा नव्हती. भिंगवाल्यांनी दोनदा प्रयत्न केला, वैतागले, डावीकडून वाकले आणि भिंग डाव्या डोळ्याला लावलं. बराच वेळ ते तसेच राहिले.

"हे," ते सरळ होत म्हणाले. "पिवळ्याचं नाव नाही. स्वच्छ करडा. बाई, हेच करा. कागद काढा."

व्हिनाइल कापून त्यांनी पाठीवर तीनचा आकडा घातला. इंजिनीअर बाई सचोटीच्या होत्या. म्हणाल्या, "काका, यंत्रावर तिन्ही सारखेच येताहेत. सही करण्याआधी एकदा शेजारी ठेवून बघा." त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर तिन्ही पट्ट्या ओळीने मांडल्या. भिंगवाल्यांनी सवयीने भिंग उजव्या डोळ्याला लावलं.

पहिली पिवळी. दुसरी पिवळी. तिसरीही पिवळी.

"ही कुठली ठेवलीत? तिसरी कुठे गेली?"

"हीच तिसरी आहे."

"बाई, मी या धंद्यात म्हातारा झालोय. माल बदलू नका."

बाईंनी नमुना उलटा केला. पाठीवर तीन होता, त्यांच्याच अक्षरातला. पेनची शाई अजून ओली होती, बाईंच्या बोटाला लागली.

भिंगवाल्यांनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं. करडी. उजव्याला लावलं. पिवळी. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं, रोलच्या कोऱ्या टोकाचा तुकडा कापून खिडकीशी धरला आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटू लागले. डाव्या डोळ्याने पांढरा. उजव्याने चहा सांडलेल्या कागदासारखा. त्यांनी हे आठ-दहा वेळा केलं. दोघी बघत होत्या. मशीनचा पंखा चालू होता.

"मोतीबिंदू असू शकतो, काका," इंजिनीअर बाई हळूच म्हणाल्या. "एका डोळ्यात आधी होतो."

ते खुर्चीत बसले. दिसायला त्यांना काही त्रास नव्हता. गाडी चालवत होते, पेपर वाचत होते. दोन्ही डोळे उघडे असताना डावा उजव्याचं झाकून घेत होता. रंग मात्र सदतीस वर्षं त्यांनी एकट्या उजव्यानेच तपासला होता.

"म्हणजे मशीन चांगलं होतं," ते म्हणाले.

त्यांनी हातातला कोरा तुकडा टेबलावर ठेवला.

"पिवळा मी काढत होतो. हवा तो पिवळा मीच काढत होतो." त्यांचा आवाज सपाट होता. "तुला निळं दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा बोलले. तुम्ही म्हणालात, बुडबुडे बघ. चौथ्यांदा नाही बोलले." मग ती म्हणाली, "बोलायला हवं होतं. नऊ बोर्ड मी माझ्या हाताने चिकटवले हो, निळे दिसत असताना."

भिंगवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग इंजिनीअर बाईंकडे वळून म्हणाले, "कागद राहू द्या." बाईंनी मान हलवली आणि तिन्ही नमुने गुंडाळून बायकोच्या हातात दिले.

टेम्पो नको म्हणून टेम्पोवाल्याला फोन बायकोने केला. दुकानात परतल्यावर जुन्या मशीनच्या सेटिंगमधले उणे बारा तिनेच शून्य केले. भिंगवाले मागे उभे होते. औषध दुकानाचा नमुना निघाला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला नाही. "तू सांग," म्हणाले. तिने तो दारातल्या उजेडात नेला, वेळ लावून पाहिला आणि म्हणाली, "बरोबर आहे." त्यांनी नमुन्याच्या पाठीवर पासची सही करायला पेन काढलं आणि ते तिला दिलं.

उद्या सकाळी नऊ वीसला डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांचा नंबर आहे, म्हणून दुकान साडेनऊऐवजी अकराला उघडेल.