माहिती निरंक

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कॉलेजात मी बाबूगिरी करते. बाईमाणूस असले तरी सगळे मला 'बडी बाबू' म्हणतात, आणि मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू? दरवर्षी वरून एक पत्र येतं. वर्षभरात छेडछाड, मारहाण, चोरी, मुलींच्या तक्रारी किती झाल्या ते कळवा आणि बोर्डावर लावा. आमच्या हिंदी दफ्तरात याचं उत्तर एका शब्दात देतात: निरंक. म्हणजे शून्य, सांगण्यासारखं काहीच नाही. अकरा वर्षं मी तोच कागद तारीख बदलून काढला. प्राचार्यांनी सही करायची, मी टाचणी मारायची, झालो मोकळे.

गेल्या साली कटंगीकडची एक पोरगी माझ्या खिडकीशी आली. सायन्सची, दुसऱ्या वर्षाची. घरी धानाची शेती, आणि कॉलेजात पोचलेली घरातली ही पहिलीच. बराच वेळ फॉर्म चाळल्यासारखं करत उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "मॅडम, लॅबवाले भैया दरवाजा अडवून उभे राह्यतात. काल माहा हात धरला."

माझं डोकं असं सणकलं! तडक उठले, त्या लॅब अटेंडंटला व्हरांड्यात गाठलं आणि त्याची बिनपाण्यानं केली. हात जोडायला लागला मेला. मग पोरीला चहा पाजून समजावलं, "लिहून नोको देऊ, बाई. घरी कळलं तं बाप शिक्षणच बंद करन. झाकली मूठ सव्वा लाखाची." तिनं मान हलवली. मला वाटलं, वा, काय सांभाळलं मी पोरीला! त्याच महिन्यात वरचं पत्र आलं आणि मी निरंक लिहिलं. सवयच पडलेली.

अटेंडंट महिनाभर गप्प होता, मग पुन्हा दारात उभा राहू लागला. हे मला फार नंतर कळलं. पोरीनं कॉलेजला येणंच सोडलं. लग्न ठरलं असेल, असं म्हणून मी माझ्या कामाला लागले.

एका दुपारी बाप तिला घेऊन आला. कटंगीच्या बसनं आलेला, घामानं भिजलेला. "हिची टी.सी. पाहिजे," म्हणाला.

"काहून, भाऊ? पोरगी हुशार आहे."

"हुशार?" तो उसळला. "लबाड आहे! म्हणते, लॅबमधला माणूस हात धरते म्हणून कॉलेजात जात नाही. आता सोता बोर्ड पाहून आलो. चपराशाले इचारलं, निरंक म्हंजे काय? म्हणे, काहीच झालं नाही. सरकारी कागद खोटा बोलन काय? अभ्यास नोको म्हणून बहाने करून राह्यली."

पोरगी माझ्याकडे बघत होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमाले तं सांगतलं होतं."

आता घ्या! बापापासून वाचवायला म्हणून जे लपवलं, त्यानंच तिला बापापुढं खोटं पाडलं. लाजेनं माझे कान तापले. टी.सी. दिली असती तर मी सुटले असते, पण पोरगी घरात जन्मभर लबाड ठरली असती. मी टेबल सोडून बाहेर आले.

"भाऊ, पोरगी खरी आहे. कागद खोटा आहे, आन् तो मीच लिहिला."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो बाकावर बसला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि लेकीला म्हणाला, "माहं चुकलं, माय." मला हुंदकाच फुटला.

बोर्डावरचा कागद मी ओढून काढला, निरंकवर काट मारली, 'एक' लिहिलं आणि प्राचार्यांपुढं ठेवला. त्यांनी डोळे वटारले, "बड़ी बाबू, रिपोर्ट तो जा चुकी है."

"तो दूसरी जाएगी, सर!"

माझा आवाज एवढा चढला की साहेब चष्मा पुसायला लागले. शेवटी म्हणाले, तक्रार लेखी घ्या, उद्याच समिती बसवतो.

परत आले तर पोरगी काउंटरवर वाकून लिहीतच होती. तारीख, वेळ, कोणती खोली, सगळं सरळ अक्षरात. मी हात पुढं केला, "दे बाई, मी सोता नेऊन देतो."

तिनं कागद दिला, पण सोडला नाही. दुसऱ्या हातानं त्याचीच एक नक्कल माझ्यापुढं सरकवली. "याच्यावर शिक्का मारून द्या, मॅडम. आवक नंबर टाकून."

बाप ओशाळला. "अवं, मॅडम आपल्याच आहेत."

"हौ, बाबा," ती म्हणाली. "तवाबी आपल्याच होत्या."

मी शिक्का मारला.