पडद्यामागून पाहिलेला काडीमोड

सहा वर्षं तंबूच्या टॉकीजमध्ये भाकऱ्या भाजल्या, की किस्से आपोआप साठतात. भाकरी उरली तर शिळी होते, किस्सा उरला तर मुरतो. मी शाळेची पायरी चढलेली नाही. त्यामुळे शिकलेल्यांसारखं गुळगुळीत लिहिता येत नाही. ज्याला बोचेल त्यानं वाचू नये!

*

आमची टुरिंग टॉकीज कुलाबा जिल्ह्यात जत्रा-जत्रांतून फिरायची. आगरदांड्याला मचव्यातून सामान उतरवताना लाउडस्पीकर खाडीत गेला. आम्ही कपाळाला हात लावून बसलो. मालक बाबूशेठनी शांतपणे विडी पेटवली.

"रडता कशाला? आवाज गेलाय, तसवीर हाय ना!"

आठवड्यात त्यांनी मुंबईहून एक जुनापुराणा मूकपट पैदा केला. एक बाई जुलमी नवऱ्याला काडीमोड देते, अशी गोष्ट. शेवटच्या रिळात अर्थातच परत येऊन त्याच्या पाया पडते. अख्ख्या सिनेमात बाईचा आवाज निघत नाही, हे बाबूशेठना फार आवडायचं!

*

तिकिटं फाडायला आमच्याकडे चंद्रा होती, पेणकडच्या मिठागरातली. तिच्या नवऱ्यानं, गणपतनं, हिला हाकलून दुसरी आणली. दुसरीला मिठाची पाटी उचलवेना, ती पळाली. मग गणपतला चंद्राची माया आली! दर मुक्कामाला येऊन उभा.

"चल घरी. लोक हसतात मला."

चंद्रा माझ्या चुलीमागे लपायची. एकदा हळूच म्हणाली, "काकी, काडीमोडाचा कायदा झालाय म्हणतात. मना मिळंल काय?"

मी थेट बाबूशेठना विचारलं. ते म्हणाले, "कायदा बड्या लोकांना. तुम्हाला सिनेमातला काडीमोड पुरे!"

"तोही शेवटच्या रिळापर्यंतच ना, शेठ?" मी म्हटलं. त्या दिवशी त्यांना भाकरी करपलेली मिळाली.

*

तेव्हा आमच्याकडे पुरुष पडद्यासमोर बसायचे आणि बायका पडद्यामागे. पडदा पातळ, पाणी मारून ओला केलेला, त्यामुळे चित्र आरपार दिसे. पण आम्हाला सगळं उलटं! नागावच्या एका म्हातारीनं बघितलं, तर नवरा पाटावर बसून खुशाल डाव्या हातानं जेवतोय.

"अगो बाय, ह्याला कुणी वळण लावलं का न्हाय? असल्याशी कसला संसार! सोड गो त्याला!"

त्या नटीला काडीमोडाचं कारण इतकं चोख कोर्टातही सापडलं नसेल!

*

पडद्यावरच्या अक्षरांच्या पाट्या वाचून दाखवायला एक मास्तर होता. पण तो पत्र्याचा भोंगा घेऊन पुरुषांत बसे. आमच्या बाजूला वीज करणाऱ्या इंजिनाची धडधड, त्याचं काही ऐकू येईना. बायका विचारत, "काय लिवलंय?" मी मास्तराला म्हटलं, एक दिवस आमच्यात येऊन वाच.

"बायकांना वाचून कशाला दाखवायचं? नटी रडली की रडायचं!"

झालं, माझं डोकं फिरलं. मशीन चालवणाऱ्या हुसेनमियाँना म्हटलं, मला अक्षरं शिकवा. परातीत पीठ पसरून त्यांनी गिरवून घेतली, आणि तीही उलटी! पडद्यामागून तशीच वाचायची होती ना! तीन महिन्यांत मी बायकांची मास्तरीण झाले. सुलटं वाचायला मात्र पुढे वर्ष गेलं.

*

पालीच्या अलीकडे एका गावात पंच अडून बसले. "काडीमोडाचा सिनेमा? आमच्या बायका बिघडतील!"

बाबूशेठनी हात जोडले. "शेवट गोड हाय, पंच. आधी तोच बघा, मग सांगा."

शेवटचं रीळ पहिल्यांदा लावलं. बाई पाया पडली. पंच खूश होऊन जेवायला उठले. मग बाकीची रिळं ओळीनं लागली. त्या गावानं पाहिलेल्या गोष्टीत बाई आधी पाया पडली, मग कोर्टात गेली, आणि काडीमोड घेऊन जी निघाली ती परत आलीच नाही!

*

मोसमाचा शेवटचा खेळ नागावला होता. गणपत चंद्राच्या भावालाच घेऊन आला. भाऊ तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "खेळ संपला की ह्याच्याबरोबर जा. न्हाय गेलीस तर माहेरचं दार बंद."

ते दोघे पुढे बसले. चंद्रा मागे, माझ्या शेजारी. माझा हात घट्ट धरून.

शेवटचं रीळ आलं. पडद्यावर नटी नवऱ्याच्या पायाशी वाकली. पाटी आली, 'नाथ, क्षमा करा.' पलीकडे मास्तरानं रडक्या आवाजात वाचली असणार, पुरुष नाकं शिंकरत होते.

मी उभी राहिले आणि इंजिनाच्या वर आवाज काढून वाचलं, "ही घे तुझी जोडवी! मी चालले!"

बायकांनी टाळ्यांनी तंबू डोक्यावर घेतला.

दिवे लागले. गणपत डोळे पुसत आमच्या बाजूला आला, मागून भाऊ.

"बघितलंस ना, कशी पाया पडली? शीक जरा. चल आता."

चंद्रानं माझा हात सोडला.

"आमच्या बाजूला तसं न्हवतं," ती म्हणाली.

"तसं न्हवतंच!" चाळीस बायका एका सुरात!

गणपत बावचळून भावाकडे बघायला लागला. तेवढ्यात चंद्रा खाली वाकली. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं ऐटीत पाय पुढे केला, आशीर्वादाला हात पसरला.

त्या हातावर तिनं जोडवी ठेवली.