बांधलेला वाऱ्याचा झोला

मोहाडी तालुक्यातल्या एका गावाबाहेर विमानं उतरण्यापुरती डांबरी पट्टी आहे. ना इमारत, ना वायरलेस. नागपूरकडच्या एका वैमानिक शाळेची पोरं तिथं उतरण्याचा सराव करायला यायची. पट्टीवरची गुरं हाकलायची, गवत कापायचं आणि खांबावरचा वाऱ्याचा झोला नीट ठेवायचा, हे काम अकरा वर्षं श्रावण कापगते करत होता. भगव्या-पांढऱ्या कापडाचा तो लांब झोला वारा भरला की फुगायचा. वैमानिक वरून त्याचं तोंड बघून वाऱ्याची दिशा ओळखायचे.

एप्रिलमध्ये वादळ आलं आणि झोला मधोमध फाटला. आणखी फाटू नये म्हणून श्रावणनं शिडी लावून त्याचं शेपूट खांबाला ताणून धरणाऱ्या तारेला सुतळीनं बांधलं. मग शाळेच्या ऑफिसात फोन केला.

"साहेब, झोला बांधून ठेवलो. नवा येईपर्यंत इकडं विमान नका पाठवू."

"हो, सांगतो," कारकून म्हणाला. त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कामिनी एकटीच विमान घेऊन आली. एकवीस वर्षांची पोर. मागे तिच्या शिक्षकासोबत यायची, तेव्हा उतरली की "काका, पाणी आहे का?" म्हणत श्रावणच्या झाडाखाली बसायची.

श्रावण तेव्हा दूरच्या टोकाला म्हशी हाकत होता. आवाज आला तसा तो दचकला. वारा पश्चिमेचा होता आणि बांधलेला झोला दाखवत होता पूर्वेचा. तो पट्टीकडे धावला, डोक्याचा दुपट्टा सोडून दोन्ही हातांनी हलवू लागला, "नोको! नोको उतरू!" ओरडू लागला. विमानानं वरून एक फेरी मारली. कामिनीनं त्याला पाहिलं असावं, कारण विमानाचे पंख दोनदा डुलले. काका हात करताहेत, असंच तिला वाटलं.

पाठीवर वारा घेऊन विमान खाली आलं, ते टेकेचना. अर्धी पट्टी सरल्यावर चाकं लागली, ब्रेक पुरले नाहीत आणि टोकाच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर ते आदळलं.

श्रावणनं सीटचा पट्टा कापून तिला बाहेर काढलं. ती शुद्धीत होती.

"वारा मागून होता ना, काका?"

भंडाऱ्याला नेताना वाटेतच ती गेली.

चौकशीचे अधिकारी यायच्या दिवशी बायको उषाबाईनं त्याला दारात अडवलं. "झोला वाऱ्यानंच गुंतला म्हना. कोनी पाह्यलं हाय?"

"मी पाह्यलो ना," श्रावण म्हणाला.

त्यानं सुतळीसकट सगळं सांगितलं. कारकून म्हणाला, असा फोन आलाच नाही. पण श्रावणच्या मोबाइलच्या नोंदीत तो निघाला. अहवालात तिन्ही गोष्टी आल्या: झोला बांधलेला होता, निरोप पोचला नाही, आणि वेग जास्त दिसताच मुलीनं विमान पुन्हा वर घ्यायला हवं होतं. श्रावणचं काम सुटलं. पट्टी बंद झाली.

पावसाळ्याआधी कामिनीचे वडील केशवराव गावात आले. श्रावण अंगणातच त्यांच्या पायाशी बसला. "झोला मीच बांधलो होतो, साहेब."

"माहीत आहे. वाचलं मी." मग त्यांनी विचारलं, "शेवटी ती काही बोलली?"

श्रावणनं तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काईच नाई बोललो, साहेब. बोलताच नाई आलं."

केशवरावांनी पाण्याचा गिलास हातात धरला, प्यायले मात्र नाहीत. मान हलवली, उठले आणि गाडीत जाऊन बसले.

श्रावण आता घरच्या दोन एकरांत धान करतो. त्या दिवसाचा विषय निघाला की उषाबाईला एवढंच म्हणतो, "पोरीच्या बापानं मले शिवी देली असती तं बरं झालं असतं वो."