मी तोडलेले दोरे

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खुनाचे, दरोड्याचे गुन्हे उघडकीस आणले, त्यांची बक्षिसं घेतली. ते किस्से मी कोणी न विचारताही सांगतो. हे मात्र घरीसुद्धा कधी पूर्ण सांगितलं नाही. इथे कोणाचंही नाव घेणार नाही.

मे महिना होता. पूर्व नागपुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी. बुटीबोरीत कारखाना असलेल्या एका बड्या माणसाची परदेशी सायकल बंगल्याच्या पोर्चमधून चोरीला गेली. दुपारपर्यंत मला वरून तीन फोन आले. गुन्ह्याचं गांभीर्य कलमावरून ठरतं असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. प्रत्यक्षात ते फोन कोणाचा आला यावर ठरतं, आणि मीही त्याच तालावर नाचणारा होतो.

तिसऱ्या दिवशी माझा एक खबऱ्या आला. म्हणाला, "साहेब, नंदनवन वस्तीतल्या सायकलच्या दुकानातला मिस्त्री पाहा. खाटेखाली पेटी भरून सायकलचं सामान ठेवलं आहे त्यानं. बायकोलेबी हात लावू देत नाही."

चोरीला गेलेली सायकल आठवड्यापूर्वी त्याच दुकानात सर्व्हिसिंगला गेली होती. झालं! मला वाटलं, गुन्हा उघड झाला.

ते दुकान हौशी सायकलवाल्यांमध्ये नावाजलेलं होतं. नागपूर भाजून निघत असताना दुकानाचा मालक दर उन्हाळ्यात काही मंडळींना सायकलींसकट हिमाचलच्या डोंगरात घेऊन जायचा. त्या वर्षीही तो आठ जणांना घेऊन गेला होता आणि दुकान मिस्त्रीच्या भरवशावर होतं.

सकाळी दोन पंच आणि हवालदाराला घेऊन मी मिस्त्रीच्या घरी धडकलो. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. खाटेखालून पेटी ओढली. आत कागदात गुंडाळलेली आठ पुडकी, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा.

"काहून बे, कोणाचा माल आहे हा?"

"गिऱ्हाइकांचा आहे जी," तो म्हणाला. "आपलं नागपूर सपाट. इथं पायडलजवळचं मोठं दातेरी चाक चालते. घाटात तेच ठेवलं तर माणसाचा दम निघते. म्हणून जायच्या आधी मी त्याईले लहान चाक बसवून देतो अन् हे मोठं जपून ठेवतो. परत आले की ज्याचं त्याले लावून देतो. मालक नाही, दुकानाचं शटर ढिलं आहे, म्हणून घरी आणून ठेवलं."

"आणि नावं कुठं आहेत?"

"चिठ्ठी ग्रीसनं खराब होते जी. म्हणून दोरा. ज्याच्या सामानाले जो दोरा, तोच त्याच्या सायकलीच्या सीटखाली बांधला आहे."

"राखीपौर्णिमा आहे का बे?" मी म्हणालो. हवालदार हसला, पंचही हसले. मलाही माझा विनोद आवडला होता.

पंचनाम्यात प्रत्येक नग मोजून लिहावा लागतो. मी हवालदाराला म्हणालो, "फोड सगळं." तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा घाबरला. हात जोडून म्हणाला, "साहेब, कागद फाडा, पण दोरे नका तोडू जी. मंग दाखवाले माह्याजवळ काहीच राहत नाही."

हवालदाराने ब्लेडने आठही दोरे कापले. चाकं जमिनीवर ओतली, मोजली आणि एका गोणीत भरली. निघताना मी त्याच्या बायकोला वर सांगितलं, "तो कचरा झाडून घ्या."

ठाण्यात आणून विचारपूस सुरू केली. विचारपूस हा आमचा लिहिण्याचा शब्द. मी त्याच्या कानाखाली दोन लावल्या. तो एकच सांगत राहिला, "मालकाले फोन लावा जी." मी लावला. डोंगरात रेंज नव्हती. दोनदा लावला आणि डायरीत लिहिलं, 'संपर्क होऊ शकला नाही.' वाट पाहायची म्हटलं तर दहा-बारा दिवसांचाच प्रश्न होता. पण वरच्या फोनला काय उत्तर देणार होतो मी?

मग फिर्यादीला बोलावलं. चोरीचा माल ओळखायला ठेवताना त्याच्यासारख्या इतर वस्तू मिसळून ठेवायच्या असतात, हे नव्या शिपायालाही ठाऊक असतं. मी गोणीतून एकच चाक काढलं, पुसून टेबलावर ठेवलं आणि फिर्यादीसाठी चहा सांगितला.

"नीट बघा साहेब. हेच ना?"

"हो, असंच होतं."

"असंच, की हेच?"

"हेच समजा."

मी लिहिलं, 'खात्रीपूर्वक ओळखले.'

दोन दिवस पोलीस कोठडी, त्यानंतर कारागृह. पेपरात बातमी आली. फोटोत मिस्त्रीच्या तोंडावर काळा कपडा होता, पण वस्तीत कोणाला कळायचं राहतं का?

बाराव्या दिवशी मंडळी डोंगरातून परतली आणि वाटेतच फोनवर बातमी कळल्यामुळे स्टेशनवरून थेट ठाण्यात आली. उन्हाने नाकाची सालपटं निघालेली, सायकली सोबत. मालक तावातावाने म्हणाला, "माझ्या मिस्त्रीले काहून आत टाकलं तुम्ही?" त्या गटात एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या भांडल्या नाहीत. आवारात त्यांनी आपली सायकल उलटी केली आणि मला बोलावलं. सीटखाली हिरवा दोरा होता.

मग बाकीच्यांनीही सायकली उलट्या केल्या. पिवळा, जांभळा, लाल... मी मुद्देमालाची गोणी मागवली. आठ सायकली, आठ मोठी चाकं. नववं नव्हतंच. फिर्यादीने ओळखलेलं चाक या आठांपैकीच कोणाचं तरी होतं. कोणाचं, हे आता सांगता येत नव्हतं, कारण ते सांगणारे दोरे मी केरात घालवले होते. हवालदार माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना.

महिन्याभराने फिर्यादीची सायकल दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत एका सराईत चोराकडे मिळाली. तिचं चाक तिच्यावरच होतं.

मिस्त्री सुटला. न्यायालयात अहवाल मीच पाठवला. त्यात 'सदर इसमाने चोरी केलेली नाही' असं लिहायला हवं होतं. पण मग कोणी विचारलं असतं, की ओळख कशी पटवली होती? झडतीत काय तोडलं होतं? खात्यांतर्गत चौकशी लागली असती आणि माझी बढती तोंडावर आली होती. मी लिहिलं, 'पुराव्याअभावी.'

दोन महिन्यांनी एका दुपारी मिस्त्री ठाण्यात आला. दाराजवळच उभा राहिला.

"साहेब, मालक चांगला आहे. पण गिऱ्हाईक म्हणते, पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाच्या हाती सायकल कशी द्याची? पुढच्या उन्हाळ्यात मालक मले डोंगरात नेणार होता जी. इतकी वर्षं घाटासाठी सायकली बांधल्या, घाट काही पाहिला नाही. एक ओळ लिहून द्या. यानं चोरी केली नाही, एवढीच."

"सुटलास ना? कोर्टाचा कागद आहे ना?"

"त्याच्यात पुराव्याअभावी लिहिलं आहे. पुरावा तर तुमीच तोडला जी."

तो वरच्या आवाजात बोलला नव्हता. बोलला असता तर मला बरं झालं असतं, अंगावर जाता आलं असतं. मी म्हणालो, "निघ. आहे ते नशीब समज." त्याने नमस्कार केला आणि गेला. काही दिवसांनी त्याचं काम सुटल्याचं कानावर आलं. मला बढती मिळाली.

निवृत्तीनंतर मी त्याला शोधायला निघालो. लकडगंजमध्ये लाकडाच्या वखारींजवळ पत्र्याच्या आडोशाला तो हातगाड्यांचे पंक्चर काढत होता. मी कागद लिहून नेला होता. घडलेलं सगळं, माझ्या सहीने. त्याने हात पुसले, कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "शिक्का?"

"मी आता रिटायर झालो आहे."

त्याने कागदाची घडी नीट घातली आणि माझ्या हातात परत दिली. "मंग हा तुमच्याचजवळ ठेवा साहेब. मले तवा पाहिजे होता." आणि तो पुढचं चाक खोलायला बसला.

लोक विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीने काय शिकवलं? तपासात चूक कोणाचीही होते, तिला मी फार घाबरत नाही. मला लाज वाटते ती त्या दुपारची, जेव्हा चूक माझ्यासमोर दाराशी उभी होती, माझ्याकडे लेटरहेड होतं, शिक्का होता, पेन होतं, आणि मी खुर्ची सांभाळली. ती ओळ आज इथे लिहितो. त्या माणसाने चोरी केली नव्हती, आणि हे मला सायकली उलट्या झाल्या त्याच दिवशी, ठाण्याच्या आवारातच कळलं होतं. नाव न घेता लिहिलेली ही ओळ त्याच्या काहीही कामाची नाही, हेही मला कळतं.