आमच्या गावाचा लीड

साहेबांनी मला फसवलं, हे तालुक्यात बहुतेकांना माहीत आहे. मीच सांगत फिरलो आहे — दुकानात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. मी देविदासला फसवलं, हे मात्र कुणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतो आहे.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जऊळका स्टेशनपासून आत आमचं गाव. मी धान्याचा व्यापारी. सोयाबीन, तूर, हरभरा घेतो आणि वाशीमला नेऊन विकतो. पोती वाहून सुरुवात केली. आज ज्या गोदामाचा मालक आहे, त्याच गोदामात हमाल होतो. घासाघीस हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. समोरचा भाव बोलला की माझं डोकं तापतं. तापलेलं डोकं दाखवायचं कधी आणि झाकायचं कधी, हे मला कळतं — निदान मी तसं समजत होतो.

आमच्या गावाचा एक लौकिक आहे. जो उमेदवार आमच्या गावात पुढे राहतो तोच आमदार होतो, असं म्हणतात. जिल्हा अकोला होता तेव्हापासून म्हणतात, वाशीम वेगळा झाल्यावरही म्हणत राहिले. लाट आली तेव्हा गाव लाटेसोबत होतं. लाट ओसरली तेव्हा गाव आधीच दुसऱ्या बाजूला गेलेलं होतं. एका वर्षी कुणाच्या ध्यानीमनी नसताना अपक्ष निवडून आला, तर गाव त्याच्याही सोबत. प्रत्येक निवडणुकीला एखादा वार्ताहर येतो, पारावर माइक धरतो आणि गावाचा कौल विचारतो. लोक माझ्याकडे बोट दाखवतात. "किसनभाऊले इचारा. त्यायले सारा इतिहास पाठ आहे."

पाठ असणारच. तो मीच रचला आहे.

आमचं गाव पूर्वी कुणासोबत होतं, हे खरं म्हणजे कुणालाच माहीत नाही. कागदावर शिक्का मारून मत द्यायचो तेव्हा मोजणीआधी निरनिराळ्या गावांच्या मतपत्रिका एकत्र मिसळत. कोणत्या गावाने कुणाला मत दिलं हे बाहेर पडू नये, म्हणून. ही पद्धत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी हसलो होतो. धान्याच्या माणसाला हे सांगायला लागत नाही. ढिगात ढीग मिसळला की ओला माल कुणाचा होता ते सांगता येत नाही. मग जो आधी बोलेल त्याचं खरं.

मी आधी बोलायचो. निकाल लागला की जो जिंकला असेल त्याच्याकडे हार घेऊन पहिला मी. म्हणायचो, आमच्या गावानं तुम्हाला लीड दिला. लीड — हा शब्द आमच्याकडे म्हाताऱ्या बायाही बोलतात. गावाने लीड दिला म्हणजे गावाचं काम होणार. समोरचा माणूस आनंदात असतो, तपासायला त्याच्याकडे काही नसतं. असं करत आम्ही डांबरी रस्ता आणला, पाण्याची टाकी आणली, शाळेला दोन खोल्या आणल्या. याला लबाडी म्हणायचं का? तेव्हा मी याला हुशारी म्हणायचो. गावानेही इतक्यांदा ऐकलं की त्यांना खरं वाटू लागलं. पुढे पुढे मलाही.

मग मशीन आलं. मशीनमध्ये मिसळणं नाही. एकेका केंद्राचा आकडा वेगळा वाचून दाखवतात, उमेदवाराची माणसं तो लिहून घेतात. आमच्या गावाचं केंद्र एकच, शाळेतलं. गाव आणि नाल्यापलीकडची बौद्ध वस्ती, दोघांचं मतदान तिथेच. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं याच्यावर आहे.

त्या निवडणुकीत साहेब उभे होते. नाव घेत नाही. घेऊन काही उपयोग नाही. वस्तीला नाल्यावर पूल हवा होता. पावसाळ्यात नाला भरला की वस्तीतली पोरं शाळेत येऊ शकत नसत, बाळंतीण असली तर खाटेवर टाकून चार माणसं छातीएवढ्या पाण्यातून काढत. साहेबांनी पुलाचा शब्द दिला. वस्तीच्या वतीने तो घेणारा आणि बदल्यात मतांचा शब्द देणारा सुखदेव — देविदासचा मोठा भाऊ. शांत, मोजकं बोलणारा, वस्तीत त्याच्या शब्दाला मान. माझ्याशी त्याचं जुनं नातं होतं. हमाली करत होतो तेव्हा एकाच पोत्याला दोघं हात लावायचो. गावाच्या वतीने बोलणारा अर्थातच मी.

प्रचार रंगात असताना मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. ओसरीत बरीच मंडळी होती. मला पाहून साहेब आतल्या माणसाला म्हणाले, "तो दलाल आला वाटते. बसव त्याले बाहेर."

दलाल. मी आयुष्यात कुणाचं न तोललेलं घेतलं नाही. भाव पाडला असेल, पण काटा मारला नाही. मी बाहेर बसलो. चहा आला, तो प्यालो. साहेबांना भेटलो, हसून बोललो, लीडची खात्री दिली. आणि गावात येऊन माझ्या शब्दातल्या घरांना एकेक करून सांगितलं — वरून साहेबांचा झेंडा ठेवा, बटण दुसऱ्याचं दाबा. का, ते सांगितलं नाही. माझ्याकडून उचल घेणारी माणसं, कायले म्हणून कोण विचारणार?

साहेबांनी फसवलं म्हणत फिरतो, ते खरं तर एवढंच. एका शब्दाचा अपमान. वीसेक वर्षं हा शब्द मी चघळतो आहे. पण बघा — त्यांनी मला एक नाव ठेवलं, आणि मी काय केलं?

मोजणीच्या दिवशी तालुक्याला गेलो. मनात होतं, साहेब पडतील. ते निवडून आले, चांगल्या मतांनी आले. आणि आमच्या केंद्राचा आकडा वाचला गेला तेव्हा आमचं गाव त्यांच्या विरोधात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावाचा खरा आकडा जगाला दिसला, आणि तो हरलेल्याच्या बाजूने.

मी मनात हिशेब केला. मी सांगितलेली घरं आणि विरोधकाला पडलेली मतं बरोबर जुळत होती. म्हणजे वस्ती अख्खी साहेबांच्या मागे उभी राहिली होती. सुखदेवने दिलेला शब्द एका मतानेही मोडला नव्हता. हे मोजणीच्या त्या मंडपात फक्त मला माहीत होतं.

संध्याकाळी साहेबांनी मला आणि सुखदेवला बंगल्याच्या अंगणात बोलावलं. गुलाल अजून त्यांच्या कपाळावर होता. हाताखालच्या माणसाने आकड्याचा कागद पुढे धरला. साहेब म्हणाले, "किसन, तुया गावाचा लीड कुठी गेला? का मलेच डोये नाहीत?"

तिथे मी खरं बोलू शकलो असतो का? बोलू शकलो असतो. साहेबांनी शिव्या घातल्या असत्या, माझी ये-जा बंद केली असती. बस. त्यापलीकडे काय होणार होतं? पण मला सवय होती — आधी बोलायचं. ढीग तर मिसळलेलाच होता, गाव आणि वस्ती एकाच मशीनमध्ये.

मी म्हणालो, "साहेब, गाव पक्कं होतं. वस्तीतून मतं फुटली."

सुखदेव माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "आमच्यातलं एकबी मत नाही फुटलं, किसनभाऊ."

आता इथे मी आणखी एक गोष्ट केली. सुखदेवला वाचवायचं म्हणून केली, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. सौद्यात असं करतात — सगळा माल खराब आहे म्हणायचं नाही, एक पोतं बाजूला काढायचं, म्हणजे बाकीच्याचा भाव टिकतो. मी म्हणालो, "सुखदेवनं इमानदारीनं काम केलं, साहेब. याच्यात त्याचा दोष नाही. पण देविदासच्या दारात नवी गाडी कुठून आली, ते त्यालेच इचारा."

देविदासने त्या महिन्यात सेकंडहँड मोटारसायकल घेतली होती. वस्तीतली पहिली. ती त्याने तूर विकून घेतली होती. ती तूर मी घेतली होती. माझ्याच काट्यावर मोजली होती, भावासाठी आम्ही अर्धा दिवस भांडलो होतो, आणि शेवटी तो हसत म्हणाला होता, "द्या बापा, तुमच्या मनासारखं होऊ द्या. मले गाडी आनाची हाय."

त्या अंगणात सुखदेवची मान खाली गेली, ती मी पाहिली. मान खाली गेली म्हणजे त्याने मानलं. मी जिंकलो होतो.

पूल दुसऱ्या गावाला गेला. साहेबांनी उघडच सांगितलं, जिथे लीड तिथे काम. वस्तीने पुढचे अनेक पावसाळे नाल्यातून काढले. पूल झाला, पण फार उशिरा आणि दुसऱ्याच आमदाराच्या हातून. सुखदेवने देविदासला घरी जाऊन विचारलं. देविदासने नाही म्हटलं, शपथ घेतली, गाडीचं सांगितलं. "किसनभाऊले इचारा, तूर त्यायनंच घेतली," असंही म्हणाला. सुखदेव विचारायला आला. मी म्हणालो, तूर घेतली होती, पण तेवढ्यात गाडी येते का, तूच बघ. झालं. भावाभावांत बोलणं बंद झालं. वावराच्या मधोमध वाटणीचा धुरा, म्हणजे बांध, पडला. एका विहिरीवर दोन मोटारी बसल्या. सुखदेवने पुढे कोणत्याच निवडणुकीत वस्तीचा शब्द कुणाला दिला नाही. म्हणायचा, "घरातलं मत घरात राहात नाही, तं म्या बाहेर कायच्या जोरावर बोलू?"

आणि मी? मी गावाचा लौकिक सांभाळत राहिलो. वार्ताहर आले की सांगायचो — आमचं गाव नेहमी निवडून येणाऱ्यासोबत. एकदाच चुकलं, तेही गावामुळे नाही. पुढचं वाक्य मी सांगायचो नाही. ऐकणारे आपणच नाल्याकडे पाहायचे.

देविदास यंदा गेला. छातीत दुखलं, वाशीमला नेईपर्यंत संपला. मी मातीला गेलो. नंतर पुण्यानुमोदनाला विहारापुढे मांडव होता, तिथेही गेलो. व्यापारी माणूस म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. वस्तीतली माणसं सतरंजीवर बसली होती. वंदना झाली. लोक एकेक करून देविदासबद्दल बोलले. कुणी सांगितलं, त्याच्या गाडीवर वस्तीतल्या किती बाया दवाखान्यात गेल्या — नाला उतरलेला असला की तोच धावायचा. शेवटी सुखदेव उठला. आता तो थकला आहे, काठी घेऊन चालतो.

म्हणाला, "गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. पन माया भावानं एका विलेक्शनले मले खाली पाहाले लावलं, हे साऱ्यायले ठावं आहे. इतकी वर्सं म्या त्याच्याशी बोललो नाही. आज मी त्याले माफ केलं."

काही जणांनी डोळे पुसले. चांगलं बोलला, असं कुणीतरी मागे म्हणालं. आणि बायकांच्या बाजूने देविदासची बायको कमल उभी राहिली. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती कधी तोंड वर करून बोललेली नाही.

"माफ कायले करता, दादा? त्यायनं काई केलंच नोतं. मी त्यायच्या संग रांगेत होती. आमी दोघायनंबी तुमी सांगतलं तिथंच मत देल्लं."

सुखदेव म्हणाला, "मंग लीड गेला कसा, बाई? किसनभाऊ तिथं होते. इचार त्यायले."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. कमल म्हणाली, "सांगा भाऊ. तुमी तं होते. कोनं देल्ला दगा?"

अख्ख्या आयुष्यात मला इतका सोपा प्रश्न कुणी विचारला नाही. एका शब्दाचं उत्तर. देविदासचा पोरगा माझ्याकडे पाहत होता, सुखदेव काठीवर दोन्ही हात ठेवून वाट पाहत होता.

मी म्हणालो, "जुनं कायले उकरता आता, कमलबाई. माणूस गेला."

ती खाली बसली. लोकांना वाटलं, मी देविदासची लाज राखली. निघताना दोघा-तिघांनी तसं बोलूनही दाखवलं. सुखदेवने माझा हात हातात घेतला.

अंगणातलं खोटं मी रागात बोललो, असं म्हणता येईल. मांडवात राग नव्हता. साहेब नव्हते, गुलाल नव्हता, काही जाणारही नव्हतं माझं.

तेव्हा इथे लिहून ठेवतो. लीड मी फोडला. देविदासने नाही, वस्तीतल्या कुणीच नाही. गाडी तुरीची होती, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. गावाचा इतिहास म्हणून मी जे सांगत आलो, त्यातलं मशीनच्या आधीचं सगळं माझ्या मनाचं आहे, आणि मशीनने पहिल्यांदा जे खरं दाखवलं, ते मी दुसऱ्याच्या नावावर लावलं. साहेबांनी पूल अडवला त्याचा जाब त्यांनी द्यावा. दगा कुणी दिला, या कमलबाईच्या प्रश्नाचा जाब मी द्यायचा आहे. मी आपणहून उठेन असं नाही — त्या मांडवात उठलो नाही. हे गावात कुणी वाचलं, तर ग्रामसभा भरेल तेव्हा माझं नाव घेऊन मला उभं करा, आणि सुखदेवला समोर बसवा.